चुना, गेरू आणि पृष्ठभागाची पकड

जव्हार संस्थानच्या जुन्या मुलखातील जामसर या गावी, अथवा जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ टापूतील कोणत्याही पाड्यावर, कारवीच्या कुडाला शेणामातीने लिंपून उभी केलेली जी घरे सिमेंटच्या या काळातही टिकून आहेत, त्यांच्यात धातूंची दोन ऑक्साइडे शेजारी शेजारी नांदताना आढळतात. भिंतीला तांबडा रंग देणारा गेरू हे मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइड होय. आणि पानतंबाखूसाठी डबीत जपून ठेवलेला चुना हा कॅल्शियमच्या ऑक्साइडात पाणी मिळून झालेला पदार्थ होय. लग्नप्रसंगी वारली सुवासिनी तांदळाच्या पिठाने ज्या भिंतीवर चौक लिहितात ती भिंत गेरूचीच असते, आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी, ज्यांना पुढे २०११ साली पद्मश्रीचा मान मिळाला, ही कला जगापुढे नेली तेव्हा तीच तांबडी भूमी कागदावर आणि कापडावर अवतरली. या दोन्ही पदार्थांवरून एकच हवा वाहते, आणि त्या हवेत दर दहा लक्ष रेणूंमागे सव्वाचारशेच्या आसपास रेणू कार्बन डायऑक्साइडचे असतात. चुना हे विरळ रेणू वेचून घेतो आणि काही दिवसांत त्यांच्यासह दगड होऊन बसतो. गेरू मात्र त्याच हवेत शतकानुशतके जसाच्या तसा राहतो, इतका की अजिंठ्याच्या लेण्यांतील तांबडा रंग सुमारे दीड सहस्र वर्षांनंतरही तांबडाच आहे. एकाच वायूशी दोन ऑक्साइडांचे वर्तन इतके भिन्न का असावे, हा या प्रकरणाचा विषय आहे. आणि तो वरकरणी जितका लहान दिसतो तितका लहान नाही, कारण खतांचे कारखाने, इंधनाचे नवे प्रयत्न आणि वातावरणातील वाढत्या कार्बनाचा बंदोबस्त या तिन्हींचे मूळ याच प्रश्नात आहे.

प्रथम चुन्याचा वृत्तांत पाहू. घाटावर चुनखडी आणि कोकणपट्टीवर समुद्राचे शिंपले भट्टीत घालून भाजण्याची वहिवाट फार जुनी आहे. मुंबईच्या चुनाभट्टी या उपनगराचे नावच त्या धंद्याची साक्ष देते, आणि जामसर ज्या पालघर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील वसईचा किल्ला, जो चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला, तो चुन्याच्याच बांधणीचा आहे. चुनखडी सुमारे नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापली म्हणजे तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छपन्न किलो चुनकळी मिळते व चव्वेचाळीस किलो वायू आकाशात जातो, हा हिशेब जगातील सर्व भट्ट्यांना सारखाच लागू आहे. चुनकळीवर पाणी टाकले की ती सळसळून तापते, फुटते आणि विरते; आणि हा विरलेला चुना भिंतीत घातला की तो हवेतून नेमका तोच वायू, आणि तितकाच, परत घेऊन पुन्हा चुनखडी होतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मॅग्नेशिया आणि चुना यांच्या बाबतीत ही देवघेव तराजूने मोजून दाखविली. घन पदार्थात वायू बद्ध होऊन राहू शकतो, ही गोष्ट त्याच्या मोजमापांमुळे रसायनशास्त्रात पक्की झाली. ज्या वाचकाला याची खातरजमा करून घ्यावयाची असेल त्याने डबीत वाळून कडक झालेल्या चुन्याचा पापुद्रा लिंबाच्या रसात टाकून पाहावा. जे बुडबुडे फसफसून वर येतात ते बहुतांशी त्याच घरातील हवेतून, कदाचित त्याच माणसांच्या श्वासांतून, चुन्याने गोळा केलेले असतात.

या क्रियेत पाण्याचा वाटा किती मोठा आहे हे गवंड्यांना शास्त्रज्ञांच्या फार आधी ठाऊक होते. कोरडी चुनकळी साध्या तापमानाला कोरड्या कार्बन डायऑक्साइडशी जवळजवळ काहीच करीत नाही; कणांवर पाण्याचा सूक्ष्म थर असेल, त्यात वायू विरघळेल आणि त्याच थरात कॅल्शियमही उतरेल, तेव्हाच दोघांची गाठ पडते. परंतु पाणी अति झाले तरीही काम बिघडते, कारण पाण्यातून या वायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद होतो. म्हणूनच विरलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली ठेवला म्हणजे तो महिनोन् महिने मऊ राहतो, आणि म्हणूनच भिंतीवरचा चुना फार कोरड्या किंवा फार ओल्या हवेत नव्हे, तर हवेची सापेक्ष आर्द्रता पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या आसपास असताना सर्वांत चांगला धरतो. जव्हारच्या पठारावर आषाढ-श्रावणात भिंती पाण्याने गच्च झालेल्या असतात आणि वैशाखात हवा करपलेली असते. चुन्याच्या कामाला मधले महिने योग्य मानले जातात, त्यात जुन्या माणसांचा अनुभव आणि रेणूंचा स्वभाव हे दोन्ही एकत्र आले आहेत. याच मुलखातील राबाच्या राखेतही हीच गोष्ट लहान प्रमाणात घडते: भात-नागलीच्या रोपांसाठी पालापाचोळा, टहाळ आणि शेण यांचा राब जाळला की जेथे आग प्रखर होते तेथे राखेत थोडे कॅल्शियम ऑक्साइडरूपाने उरते, आणि पहिला पाऊस येईपर्यंत ते दमट हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होत जाते.

आता खोलात शिरण्यापूर्वी दोन क्रियांमधील भेद स्पष्ट केला पाहिजे. चुना जेव्हा आतपर्यंत चुनखडी होतो तेव्हा वायू पदार्थाच्या अंतरंगात शिरलेला असतो. परंतु प्रत्येक अशा प्रवेशाचा आरंभ पृष्ठभागावर होतो, आणि पुष्कळ ऑक्साइडांच्या बाबतीत तो पृष्ठभागावरच थांबतो. वायूचे रेणू घन पदार्थाच्या केवळ पृष्ठावर चिकटून राहतात त्या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात. स्फटिकाच्या आतील प्रत्येक अणू चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी वेढलेला असतो, पण पृष्ठावरील अणूच्या एका अंगाला कोणीच नसते, आणि ही रिकामी बाजू येणाऱ्या रेणूला ओढून घेते. एका चौरस सेंटीमीटर पृष्ठावर असे सुमारे एकावर पंधरा शून्ये इतके अणू असतात. अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्यूर याने १९१६ ते १९१८ या काळात दाखवून दिले की ही ठिकाणे मोजकी असतात, प्रत्येक ठिकाणी एकच रेणू बसतो, आणि वायूचा दाब वाढवीत गेले तर सर्व ठिकाणे भरली की पृष्ठ तृप्त होते. १९३२ सालचे नोबेल पारितोषिक त्याला पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठीच मिळाले. चिकटण्याचेही दोन प्रकार असतात. पहिल्यात रेणू केवळ दुर्बळ आकर्षणाने, आपले रूप न बदलता, टेकून राहतो आणि थोड्या उष्णतेने उडून जातो. दुसऱ्यात पृष्ठ व रेणू यांच्यात खरा रासायनिक बंध जुळतो, रेणूचा आकार बदलतो, आणि त्याला सोडवायला कित्येक पट उष्णता खर्ची घालावी लागते.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हा आकाराचा बदल अत्यंत महत्त्वाचा आहे. स्वतंत्र स्थितीत हा रेणू सरळ रेषेत असतो: मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, आणि कोन बरोबर १८० अंशांचा. तो स्थिर व उदासीन आहे. कोळसा, लाकूड, तेल, अन्न या सर्वांच्या ज्वलनाचा शेवट त्याच्यात होतो, यावरून त्याच्या स्थैर्याची कल्पना यावी. परंतु त्याच्यात एक मर्मस्थान आहे. दोन्ही ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढत असल्यामुळे मधला कार्बन किंचित धनभारित राहतो, आणि ज्याच्यापाशी देण्याजोगे इलेक्ट्रॉन आहेत असा कोणीही शेजारी त्या कार्बनाशी नाते जोडू शकतो. धातूच्या ऑक्साइडाच्या पृष्ठावर असा शेजारी म्हणजे खुद्द ऑक्साइडातील ऑक्सिजन. तो आपले इलेक्ट्रॉन कार्बनाला देऊ लागला की सरळ रेणू वाकतो, कार्बनाभोवती दोनऐवजी तीन ऑक्सिजन येतात, कोन १२० अंशांच्या जवळ जातो आणि पृष्ठावर कार्बोनेट तयार होते. म्हणजे येथे देणारा पक्ष धातू नसून ऑक्सिजन आहे. धातूचे काम त्या ऑक्सिजनाला उदार किंवा कृपण बनविण्याचे. ऑक्साइडाचा ऑक्सिजन जितका सहज इलेक्ट्रॉन देतो तितके ते ऑक्साइड क्षारधर्मी, आणि कार्बन डायऑक्साइड हा अम्लधर्मी वायू असल्याने त्याची पकड तितकी घट्ट.

मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बेरियम या एकाच कुळातील तीन धातूंची ऑक्साइडे ओळीने मांडली की हा नियम डोळ्यांपुढे उभा राहतो. तिघांची स्फटिकरचना मिठासारखी एकच आहे, पण धातूचा आयन क्रमाने मोठा होत जातो, त्यामुळे धातू व ऑक्सिजन यांतील अंतर सुमारे २.१ अँगस्ट्रॉमवरून २.४ वर आणि तेथून २.८ च्या जवळ जाते. अंतर वाढले की ऑक्सिजनाच्या इलेक्ट्रॉनांना आवरून धरणारे स्फटिकातील विद्युत्-आकर्षण सैल पडते आणि ते इलेक्ट्रॉन पाहुण्याला देणे सोपे होते. परिणाम असा की मॅग्नेशियम कार्बोनेट चारशे अंशांच्या आसपासच आपला वायू सोडू लागते, कॅल्शियम कार्बोनेटाला नऊशे अंश लागतात, आणि बेरियम कार्बोनेटासाठी तेरा-चौदाशे अंशांची भट्टी पेटवावी लागते. मॅग्नेशियम ऑक्साइडाविषयी आणखी एक गोष्ट मला विशेष लक्षवेधी वाटते. त्याच्या स्फटिकाच्या सपाट, निर्दोष मैदानावर कार्बन डायऑक्साइड फारच दुर्बळपणे टेकतो; पण पायऱ्या, कडा आणि कोपरे जेथे आहेत, जेथे ऑक्सिजनाला पाच शेजाऱ्यांऐवजी चारच किंवा तीनच शेजारी आहेत, तेथे तो बळकट कार्बोनेट होऊन बसतो. कॅल्शियम ऑक्साइडाचे सपाट मैदानसुद्धा त्याला सहज धरते. म्हणून मॅग्नेशियाची पूड करताना कण किती बारीक झाले एवढेच पाहून भागत नाही. किती कडा आणि किती कोपरे उघडे पडले हे पाहावे लागते. वजन तेच, पदार्थ तोच, तरी गुण निराळा, ही गोष्ट ज्याने पृष्ठभागाचा विचार केला नाही त्याला कधीच उलगडणार नाही.

गेरूकडे वळू. लोखंडाच्या ऑक्साइडातील ऑक्सिजन चुन्यातल्या ऑक्सिजनाइतका उदार नाही, कारण तिहेरी धनभार असलेला लहान लोह-आयन त्याचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचून ठेवतो. हवेतील विरळ कार्बन डायऑक्साइडने लोहाच्या या ऑक्साइडाचे आतपर्यंत कार्बोनेट व्हावे असा संभव साध्या परिस्थितीत नाही. तथापि गेरूचे पृष्ठ निष्क्रिय आहे असे कोणी समजू नये. दमट हवेत त्याच्यावर पाण्याच्या रेणूंपासून झालेले हायड्रॉक्सिल गट दाट उभे असतात, आणि कार्बन डायऑक्साइड त्या गटांशी मिळून बायकार्बोनेट किंवा पृष्ठापुरते कार्बोनेट तयार करतो. हे बंधन एका थराच्या पलीकडे जात नाही व सहज तुटते. भिंतीवर त्याचा काही परिणाम दिसत नसला तरी जमिनीत तो दिसतो. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवरील ज्या वरकस जमिनीत नागली आणि वरई पिकते तिचा तांबूस रंग लोखंडाच्या अशाच ऑक्साइडांचा आहे. आणि मुळांच्या व सूक्ष्म जीवांच्या श्वसनामुळे मातीतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपटही असते. त्यामुळे मातीच्या कणांवर कार्बोनेट, फॉस्फेट आणि वनस्पतिजन्य अम्ले यांच्यात जागेसाठी निरंतर स्पर्धा चालते, आणि तिच्यात कार्बोनेट बहुधा हरते. फॉस्फेटाला ही तांबडी ऑक्साइडे इतकी घट्ट धरतात की खतातून दिलेल्या स्फुरदाचा मोठा अंश पिकाला वेळेवर लाभत नाही, ही तक्रार कोकणातील कृषिशास्त्रज्ञांच्या परिचयाची आहे. चुन्याची पकड वायूवर घट्ट आणि गेरूची सैल. पण फॉस्फेटाच्या बाबतीत गेरूही हात सोडीत नाही. पकड ही एकट्या पृष्ठाची नसते, ती पृष्ठ आणि पाहुणा या जोडीची असते.

रेणू पृष्ठावर कोणत्या रूपाने बसला आहे हे डोळ्यांना न दिसता कळते कसे, अशी शंका सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. याचे मुख्य साधन अवरक्त प्रकाश हे आहे. प्रत्येक रेणूचे बंध ठराविक लयीत कंप पावतात आणि त्या लयीचा प्रकाश शोषून घेतात. मुक्त कार्बन डायऑक्साइडची एक ठळक खूण दर सेंटीमीटरला २३४९ तरंग या ठिकाणी उमटते, आणि केवळ टेकून राहिलेल्या रेणूची खूण तिच्या अगदी जवळ असते. परंतु तोच रेणू वाकून कार्बोनेट झाला की खुणा खाली उतरून १३०० ते १७०० च्या पट्ट्यात जातात, व एका ऑक्सिजनाने, दोन ऑक्सिजनांनी की दोन धातु-अणूंना पुलासारखे जोडून तो बसला आहे, हे त्या खुणांमधील अंतरावरून सांगता येते. दुसरा मार्ग पदार्थ हळूहळू तापवून कोणत्या अंशावर किती वायू सुटतो हे टिपण्याचा. रुटाइल या टायटेनियम ऑक्साइडाच्या स्वच्छ स्फटिकावरून तो उणे शंभर अंशांच्या वर येण्याआधीच निघून जातो, म्हणजे तेथील बंध किती कच्चा असेल याचा अंदाज बांधता येतो. या दोन साधनांनी गेल्या सत्तर वर्षांत जो तपशील गोळा झाला त्याच्या आधारावरच पुढील सर्व कारखानदारी उभी आहे.

सैल पकडीला दोष समजणे ही चूक होय, आणि याचा दाखला अलिबागजवळील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात मिळतो. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना मध्ये एक टप्पा असा येतो की कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार करावयाचे असतात, आणि हे काम या धंद्यात सामान्यतः साडेतीनशे ते साडेचारशे अंशांवर, थोडे क्रोमियम मिसळलेल्या लोखंडाच्या ऑक्साइडाकडून, म्हणजे गेरूच्याच एका काळ्या भावंडाकडून, करून घेतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू पृष्ठावर येतो, ऑक्साइडातील एक ऑक्सिजन उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. पृष्ठावर पडलेली रिकामी जागा पाण्याचा रेणू आपल्या ऑक्सिजनाने भरून काढतो व हायड्रोजन मोकळा करतो. येथे चुना ठेवला असता तर तयार झालेला वायू त्याने लगेच आत ओढला असता आणि काही वेळातच कार्बोनेट होऊन त्याचा कारभार संपला असता. लोखंडाचे ऑक्साइड सोडून देते म्हणूनच ते वर्षानुवर्षे काम करते. मग हाच कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून अमोनियाशी मिळवितात व युरिया करतात. रासायनिक हिशेबाने युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत असा ३३ किलो वायू बांधलेला असतो. आणि ती गोणी जामसरच्या भातखाचरात रिकामी झाली की मातीतील जीवाणूंचा एक विकर काही दिवसांत युरियाचे विघटन करून अमोनिया पिकाला देतो व वायू पुन्हा मोकळा करतो. म्हणजे युरियात कोंडलेल्या कार्बनाची मुदत फार तर एका हंगामाची असते, हे जे लोक युरियाला कार्बन साठविण्याचा उपाय म्हणून मांडतात त्यांनी लक्षात ठेवले पाहिजे.

चुन्याची घट्ट पकड आणि लोखंडाची सैल पकड यांच्या मधोमध जो प्रदेश आहे तेथे या वायूचे नवे पदार्थ करण्याची विद्या वसते. १९२३ साली जर्मनीत जस्त व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांवर मिथेनॉलचे उत्पादन सुरू झाले. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तांबे, जस्ताचे ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचा उत्प्रेरक आला आणि तेच काम पुष्कळ कमी दाबावर, अडीचशे अंशांच्या आसपास होऊ लागले. मुंबईत ट्रॉम्बे येथेही मिथेनॉलचा कारखाना उभा राहिला. दीर्घकाळ अशी समजूत होती की मिथेनॉलमधला कार्बन मोनॉक्साइडमधून येतो. परंतु १९७० आणि १९८० च्या दशकांत किरणोत्सर्गी कार्बनाची खूण लावून केलेल्या प्रयोगांनी दाखविले की तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमधून येतो. जस्ताचे ऑक्साइड आणि तांबे यांच्या सीमेवर हा रेणू पुरेसा घट्ट बसून वाकतो, पण इतका घट्ट नव्हे की हायड्रोजनाला त्याच्यापाशी पोचूच नये. काही ऑक्साइडांच्या पृष्ठावरून, उदाहरणार्थ इंडियम व सेरियम यांच्या, एखादा ऑक्सिजन सहज निघून जातो आणि मागे एक पोकळी उरते; कार्बन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन त्या पोकळीत शिरतो आणि रेणू एरवी जे सोसणार नाही ते परिवर्तन तेथे सोसतो. स्फटिकातील हे वैगुण्यच येथे कामाला येते. मात्र उत्प्रेरक कितीही उत्तम असला तरी तो ऊर्जेचा हिशेब बदलू शकत नाही. चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइडला सहा किलो हायड्रोजन द्यावा तेव्हा बत्तीस किलो मिथेनॉल हाती येते व अठरा किलो पाणी होते, आणि तो हायड्रोजन जर पुन्हा नैसर्गिक वायूपासूनच मिळविला तर सगळा खटाटोप व्यर्थ होय. सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाण्यापासून काढलेला हायड्रोजन असेल, तरच या उद्योगाला अर्थ आहे.

धुरांड्यातून निघणारा वायू पकडण्यासाठी चुन्याची घट्ट पकड वापरावी, ही कल्पनाही जगात अनेक ठिकाणी आजमावली जात आहे. साडेसहाशे अंशांवर चुनकळीने धुरातील कार्बन डायऑक्साइड धरावा, मग तिला नऊशे अंशांवर नेऊन तो शुद्ध स्वरूपात सोडावा, आणि हे चक्र चालू ठेवावे, अशी तिची रीत. अडचण अशी की चुनकळीची चुनखडी होताना घनफळ दुपटीहून अधिक वाढते. बाहेरच्या थरातील छिद्रे बुजतात व आतला चुना वापराविना पडून राहतो, आणि वारंवार तापविल्याने बारीक कण एकमेकांना चिकटून जाड होतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यागणिक शक्ती घटत जाते. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ साली कार्बन पकडण्याच्या व वापरण्याच्या संशोधनासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे मंजूर केली, त्यांतील एक पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे व दुसरे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात. अशा संस्थांतून होणाऱ्या कामाचे मोल मोठे आहे. पण चुना हवा शुद्ध करतो म्हणून नवी चुनाभट्टी पेटवावी, असे जे सुचविले जाते ते मात्र मला मान्य नाही, कारण चुना जो वायू घेतो तो भट्टीने आधीच सोडलेला असतो आणि भट्टीच्या जळणाचा धूर वर वेगळा.

या दृष्टीने ज्या दगडावर जामसर वसले आहे त्याचा विचार अधिक आशादायक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्यापासून बनलेला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. त्याच्यात कॅल्शियमचे ऑक्साइड साधारण दहा टक्के व मॅग्नेशियमचे पाच-सहा टक्के या प्रमाणात, सिलिकाशी बांधलेल्या स्वरूपात असते, आणि ते बांधण्यासाठी कोणत्याही भट्टीने वायू सोडलेला नाही. कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी या पाषाणात झिरपले की ते ऑक्साइड हळूहळू सुटते व कार्बोनेट होते. आपल्या बेसाल्टातील पोकळ्यांत कॅल्साइटाचे जे पांढरे स्फटिक सापडतात ते या क्रियेचे नैसर्गिक अवशेष होत. आइसलँडमध्ये २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसाल्टात सोडला गेला, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला. आपल्या पाषाणाचे वय फार अधिक आहे, त्याची छिद्रे पुष्कळ ठिकाणी जुन्या खनिजांनी बुजलेली आहेत, म्हणून तोच वेग येथे मिळेल असे गृहीत धरता येत नाही. त्याचा निकाल ठिकठिकाणी विंधणे घेऊनच लागेल. पण या रीतीला एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, आणि तरीही चैत्र-वैशाखात याच तालुक्यांतील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते व बायाबापड्यांना हंडे घेऊन मैलोगणती चालावे लागते. तेव्हा हा प्रयोग महाराष्ट्रात अवश्य व्हावा, पण तो समुद्राच्या किंवा कारखान्यांनी वापरून टाकलेल्या पाण्यावर व्हावा. येथील झऱ्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर पहिला हक्क पाड्यांचा आहे.